कपाटात ठेवलेली मराठी पुस्तकं आणि न सुटणारा इंग्रजी उतारा

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. त्यांची मुलगी नववीत आहे. चौथीपर्यंत ती गावातल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकली, पाचवीपासून वाळपईला इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात जाते. घरात सगळे कोकणी बोलतात, वर्तमानपत्र आणि पुस्तकं मात्र मराठी, आणि ती पुस्तकं मुलगी भराभर वाचायची. पहिल्या चाचणीत इंग्रजीच्या पेपरात तिला व्याकरणात २० पैकी १६ मिळाले, अपठित उताऱ्यात १० पैकी ३, आणि निबंध-पत्रलेखनात निम्म्याहून कमी. ट्यूशनच्या बाई दर वेळी वीस शब्द पाठ करायला देतात. ती करते आणि आठवड्याने विसरते. जूनमध्ये वडिलांनी ठरवलं, की दहावी होईपर्यंत मराठी पुस्तकं बंद. ती कपाटात गेली, आणि मुलगी आता कुठलंच पुस्तक हातात घेत नाही. आई विचारतात: ‘मराठी शाळेत घालून आम्ही तिचं नुकसान केलं का? घरात इंग्रजी बोलायला सुरुवात करावी का? कुठलं गाईड आणू? मी बारावी शिकले, पण इंग्रजी बोलायला जीभ वळत नाही. मी तिला काय मदत करणार?’

ताई,

तुम्ही गुण लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत. अर्धं उत्तर त्या आकड्यांतच आहे. एकाच मुलीला एकाच पेपरात व्याकरणात २० पैकी १६ आणि उताऱ्यात १० पैकी ३. ‘तिचं इंग्रजी कच्चं आहे’ एवढं म्हणून हे सुटत नाही. सरसकट कच्चं असतं तर ती व्याकरणातही गडगडली असती.

मी सव्वीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं. असे गुण घेणारी मुलं दर वर्षी वर्गात असायची, आणि बहुतेक मेहनती असायची. व्याकरणाचे प्रश्न ती कशी सोडवतात ते मी बाकाशेजारी उभं राहून पाहिलं आहे. ‘सिन्स’ दिसलं की ‘हॅज बीन’, ‘यस्टरडे’ दिसलं की क्रियापदाचं दुसरं रूप, ‘बाय’ दिसलं की पॅसिव्ह. वाक्य काय सांगतंय ते वाचावंच लागत नाही, खुणेचा शब्द सापडला की काम होतं. निबंधात अशा खुणा कुणी पेरून ठेवलेल्या नसतात. कालची गोष्ट सांगायची की रोजची, ते लिहिणाऱ्याने ठरवायचं असतं. उताऱ्यात तर अर्थ लागल्याशिवाय पाऊलच पुढे पडत नाही. म्हणून ते १६ दिसतात तेवढे भक्कम नाहीत आणि ते ३ दिसतात तेवढे वाईट नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच सवय आहे, अर्थ बाजूला ठेवून सराव करण्याची. ही सवय तिला आपण मोठ्यांनी लावली.

आता तुमचा पहिला प्रश्न. तो लिहिताना तुमचा हात थांबला असावा असं मला वाटलं.

जरा मागे जा. सहा वर्षांची असताना ती पहिलीत गेली, तेव्हा घरात ‘हांव येतां’ म्हणत होती. शाळेत ती ‘मी येते’ म्हणायला शिकली. ‘खंय’चं ‘कुठे’ झालं, ‘जाय’चं ‘हवं’ झालं. दोन-तीन वर्षांत मराठी गोष्टींची पुस्तकं वाचू लागली. म्हणजे एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जायचं काम तिने एकदा केलेलं आहे, आणि ते इतक्या सहज झालं की तुमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. कोकणी आणि मराठी सख्ख्या बहिणी, इंग्रजी परक्या घरची, हे मला मान्य आहे. पण त्या वेळी तिला जे मिळालं ते पाचवीत मिळालं नाही. मराठी तिच्याकडे गोष्टी, गाणी, बाईंच्या गप्पा आणि रात्री आजोबांनी वाचून दाखवलेलं वर्तमानपत्र असं सगळं घेऊन आली. इंग्रजी आलं ते एकदम विज्ञानाचं आणि भूगोलाचं पुस्तक होऊन.

तुम्ही काही जगावेगळं केलेलं नाही. १९९०च्या सुमाराला गोव्यात प्राथमिक शाळांचं सरकारी अनुदान मराठी-कोकणीपुरतं ठेवलं गेलं, आणि २०११मध्ये ते इंग्रजी प्राथमिक शाळांनाही द्यायचा निर्णय झाला. मधल्या काळात चौथीपर्यंत मराठी वा कोकणी आणि पाचवीपासून इंग्रजी या वाटेने गोव्यातली मोठी पिढी गेली. आज आपल्याकडचे कितीतरी डॉक्टर, वकील, प्राध्यापक त्या वाटेचे आहेत. त्या निर्णयांवरून जे वाद झाले त्यात मी इथे शिरत नाही. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणसुद्धा किमान पाचवीपर्यंत, आणि शक्य असेल तर आठवीपर्यंत व पुढेही, घरच्या किंवा स्थानिक भाषेतून शिकवावं असंच सुचवतं.

आणखी एक गोष्ट तुमच्या मिस्टरांना अवश्य सांगा. कॅनडातल्या टोरांटो शहरात परदेशांतून आलेल्या मुलांकडे पाहून जिम कमिन्स या अभ्यासकांनी १९८१मध्ये मांडलं, की रोजचं बोलण्याचं इंग्रजी मुलांना साधारण दोन वर्षांत येतं, पण पुस्तकातलं, परीक्षेतलं इंग्रजी बरोबरीच्या मुलांइतकं यायला पाच ते सात वर्षं लागतात. त्या मुलांच्या आजूबाजूला तर दिवसभर इंग्रजीच होतं. तुमच्या मुलीची पाचवी, सहावी, सातवी, आठवी अशी चारच वर्षं झाली आहेत, तीही सत्तरीत, जिथे शाळेचं दार ओलांडलं की इंग्रजी संपतं. ती मागे पडलेली नाही. ती अजून वाटेत आहे.

पण एक गोष्ट लपवत नाही. पहिलीपासून इंग्रजीतून शिकलेल्या मुलीच्या कानावर आणि डोळ्यांखालून तुमच्या मुलीपेक्षा चार वर्षं जास्त इंग्रजी गेलेलं आहे. ते तास भरून काढावेच लागतील. कुठलंही गाईड ते भरून काढत नाही. गाईड आणायचंच तर जे वाळपईच्या दुकानात मिळेल ते आणा. त्यात प्रश्नांचे नमुने असतात, तेवढाच त्याचा उपयोग. त्याहून चांगले नमुने मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत मिळतात, त्या शाळेतून मागून घ्या.

घरात इंग्रजी बोलण्याबद्दल मी ठाम आहे. करू नका. जीभ वळत नसताना तुम्ही बोलाल ते चार वाक्यांपुरतं बोलाल, ‘जेवण झालं का’, ‘अभ्यास कर’, ‘मोबाईल ठेव’. त्यापायी तुमच्यातल्या खऱ्या गप्पा थांबतील. आणि तिला उतारा समजण्यासाठी ज्या गोष्टीची सर्वांत जास्त गरज आहे, ती त्या गप्पांतच आहे. कशी, ते सांगते.

समजा, मराठीत असं लिहिलंय: ‘आजीने अंगणात वाळत घातलेली कोकमाची सोलं घाईघाईने सुपात भरली आणि पुन्हा एकदा आभाळाकडे पाहिलं.’ आता मुलीला विचारा, आजीने घाई का केली? ती क्षणात सांगेल, पाऊस येणार होता म्हणून. वाक्यात पाऊस हा शब्द नाही. मे महिन्यात आपल्या अंगणात सोलं वाळतात आणि वळवाची सर आली की ती सगळी वाया जातात, हे तिला ठाऊक आहे. तिने न लिहिलेलं वाचलं. परीक्षेतला ‘इन्फर’ करा म्हणणारा प्रश्न हेच मागतो. ते कसब तुमच्या मुलीपाशी आहे, आणि ते तिला मराठी पुस्तकांनी दिलं आहे.

हेच वाक्य इंग्रजीत आलं आणि खाली ‘व्हाय डिड द ग्रँडमदर हरी?’ असा प्रश्न आला, की तुमची मुलगी उताऱ्यात ‘बिकॉज’ शोधू लागते. ‘व्हाय’ला ‘बिकॉज’ हे तिचं गणित आहे. ‘बिकॉज’ सापडत नाही, मग ती प्रश्नातला एखादा शब्द ज्या ओळीत दिसेल ती ओळ जशीच्या तशी उतरवते. तिची उत्तरपत्रिका मी पाहिलेली नाही, पण १० पैकी ३ मिळतात ते बहुधा असेच. मराठीत ती अर्थ वाचते आणि इंग्रजीत शब्द शोधते. मराठीत वाचणारी ती मुलगी इंग्रजीच्या पेपरात आणायची आहे. म्हणून मराठी पुस्तकं बंद करणं मला सर्वांत घातक वाटतं. वडिलांचा हेतू चांगला होता, पुस्तकांचा वेळ इंग्रजीकडे जाईल असं त्यांना वाटलं. तो गेला नाही, हे तुम्हीच लिहिलंय. वाचणाऱ्या मुलीचं वाचन सुटलं, एवढंच झालं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, कारण सगळ्यात मोठं काम तुमचंच आहे. संध्याकाळी तुम्ही रांधत असाल तेव्हा तिला स्वयंपाकघरात बसवा. तिने इंग्रजीतला एक परिच्छेद मनात वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि त्यात काय होतं ते तुम्हाला कोकणीत किंवा मराठीत सांगायचं. शब्दाला शब्द नको, गोष्ट सांगतात तसं. तुम्हाला ते इंग्रजी येत नाही हेच इथे उपयोगाचं आहे. बाईंना सगळं माहीत असतं, त्यामुळे बाईंना सांगताना मुलं अर्धवट सांगतात. तुम्हाला खरंच माहीत नाही, म्हणून तुम्ही खरंखुरं विचाराल. ‘मग तो माणूस परत का आला?’ ‘हे कुणाला म्हणाला?’ ‘हे आधी झालं की नंतर?’ तिला सांगता आलं नाही की ती पुस्तक उघडून शोधेल. त्या शोधण्यातच उताऱ्याचा सगळा सराव आहे. पंधरा मिनिटं पुरेत, पण आठवड्यातून पाच दिवस. ज्यांना ट्यूशन परवडत नाही अशा घरांनाही माझं हेच सांगणं आहे. आई, आजी, काका, कुणीही चालेल. मुलाला उलट प्रश्न विचारणारा हवा.

वाचायला काय द्यायचं? इथे बहुतेक पालक चुकतात. नववीच्या मुलीला नववीच्याही वरचं इंग्रजी पुस्तक आणून देतात. शब्दसंग्रहाचे अभ्यासक सांगतात, की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे शंभर शब्दांच्या परिच्छेदात अनोळखी शब्द दोन, फार तर तीन. दहा असतील तर ते वाचन राहत नाही, खडी फोडणं होतं. या मापाने तुमच्या मुलीला आज पाचवी-सहावीचं इंग्रजी पुस्तक बरोबर बसेल. एनसीईआरटीची सगळी पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर तर एकच गोष्ट अनेकदा मराठीतही असते आणि इंग्रजीतही, आणि गोष्टींना सोप्यापासून अवघडपर्यंत चार पातळ्या लावलेल्या असतात. आधी मराठीत वाचायची, दुसऱ्या दिवशी इंग्रजीत. तिला हे बाळबोध वाटेल, लाजही वाटेल. घरात धाकटं भावंड किंवा शेजारचं पोर असेल तर तिला सांगा, त्याला वाचून दाखव. मग पुस्तक त्याच्यासाठी, सराव हिच्यासाठी. कधी पणजीला जाणं झालं तर पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात तिला घेऊन जा. १८३२पासूनचं ग्रंथालय आहे, मुलांसाठी वेगळा विभाग आहे. तिथे पुस्तक तिचं तिला निवडू द्या.

महिन्या-दोन महिन्यांनी वर्तमानपत्र सुरू करा, पण एक युक्ती करून. १९८८मध्ये अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली या दोन संशोधकांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. समजण्यात विषयाच्या माहितीचा वाटा एवढा मोठा असतो. तेव्हा तुमच्या घरी येणाऱ्या मराठी दैनिकातली एक बातमी तिने आधी वाचायची, म्हादईच्या पाण्याची, काजूच्या दराची, कदंबच्या बसची, काहीही. मग तीच बातमी ‘नवहिंद टाइम्स’ किंवा ‘हेराल्ड’मध्ये शोधायची. काय घडलं ते ठाऊक असल्यामुळे अनोळखी इंग्रजी शब्दांचा अर्थ ती आपणहून लावेल. (‘हेराल्ड’ १९००मध्ये पोर्तुगीज भाषेत सुरू झाला आणि १९८३मध्ये इंग्रजी झाला, हे तिला सांगा. मुलांना असं सांगितलेलं लक्षात राहतं.) भूगोल आणि विज्ञान ती मराठीतून वाचत असेल तर तेही वाया जात नाही. उद्या उताऱ्यात हिमनदी आली आणि हिमनदी म्हणजे काय हे तिने मराठीत वाचलेलं असलं, की अर्धा उतारा सुटला.

परीक्षेत उतारा समोर आल्यावर काय करायचं, याबद्दल शिक्षकांत दोन मतं आहेत. काही म्हणतात, आधी प्रश्न वाच. शोधाशोध करायची सवय लागलेल्या मुलांना मी तसं सांगत नाही, कारण प्रश्न वाचले की ती पुन्हा शब्द हुडकू लागतात. तुमच्या मुलीने पेन खाली ठेवून उतारा एकदा शेवटपर्यंत वाचावा, अडलेल्या शब्दावर न थांबता. मग मनात एका वाक्यात, कोकणीतच, म्हणावं की हे कशाबद्दल आहे. त्यानंतर प्रश्न. प्रश्नाला गुण किती आहेत ते पाहायचं, दोन गुण म्हणजे बहुधा दोन मुद्दे. उत्तर स्वतःच्या छोट्या वाक्यात लिहायचं. ‘या अर्थाचा शब्द उताऱ्यातून शोधा’ हा प्रश्न बहुतेक मुलं अंदाजाने सोडवतात. त्याला एक खात्रीचा उपाय आहे. दिलेला अर्थ क्रियापदाचा आणि भूतकाळी असेल तर उत्तरही भूतकाळी क्रियापदच असणार, अर्थ नामाचा असेल तर उत्तर नामच. सापडलेला शब्द काढून त्याच्या जागी दिलेला अर्थ ठेवून वाक्य वाचून पाहायचं. वाक्य नीट लागलं तर उत्तर बरोबर. इथे तिच्या व्याकरणाचा खरा उपयोग होतो, आणि पेपरातले हे दोन विभाग वेगळे नाहीत हे तिच्या लक्षात येईल.

वीस-वीस शब्दांच्या याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. १९५३मध्ये मायकल वेस्ट यांनी इंग्रजीतल्या सर्वांत उपयोगी शब्दांची यादी छापली, शब्द सुमारे दोन हजार. ते पूर्वी ढाक्यात शिक्षकांच्या कॉलेजात होते, बंगाली मुलांना इंग्रजी वाचताना कुठे अडतं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. साध्या मजकुरातले दहापैकी सुमारे आठ शब्द या दोन हजारांतलेच निघतात. तुमच्या मुलीला ते येतात असं आपण धरून चालतो, पण तिला बहुधा त्यांचा एकच अर्थ येतो. ‘लेफ्ट’ म्हणजे डावा, मग ‘ही लेफ्ट द व्हिलेज’ला ती अडते. ‘बँक’ म्हणजे पैशांची, मग मांडवीची ‘बँक’ म्हणजे नदीचा काठ हे सुचत नाही. ‘मीन’ म्हणजे अर्थ असणं, आणि ‘अ मीन मॅन’ म्हणजे दुष्ट किंवा चिक्कू माणूस. पोस्टाच्या पाकिटावर लावतो त्यालाही आपण तिकीटच म्हणतो, इंग्रजीत मात्र तो ‘स्टॅम्प’. ट्यूशनच्या बाईंना नम्रपणे सांगा, वीस अवघड शब्दांऐवजी पाच सोपे द्या, पण प्रत्येकाचे दोन-दोन अर्थ आणि त्याचं गोत द्या. ‘डिसाइड’ आला की ‘डिसिजन’ आणि ‘अनडिसायडेड’ही यावा. आपल्याकडे ‘शक्य’ला ‘अ’ लावून ‘अशक्य’ होतं, तसंच ते. पाच शब्दांच्या चिठ्ठ्या करून दुसऱ्या दिवशी, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने न बघता आठवायच्या. नुसतं पुन्हा वाचलं तर ते ओळखीचे वाटतात, पण परीक्षेत आठवत नाहीत.

गोव्याच्या मुलांसाठी शब्दांचं एक खास भांडार आहे, ते मला फार आवडतं. आपला ‘नाताळ’ पोर्तुगीजमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिनमधल्या जन्म या अर्थाच्या शब्दात आहे. इंग्रजीतले ‘नेटिव्ह’ आणि ‘नेशन’ त्याच कुळातले. शेजाऱ्यांच्या ‘फेस्ता’चं कूळ तेच ‘फीस्ट’ आणि ‘फेस्टिव्हल’चं. आजी ‘तेंप’ म्हणते, त्या काळ अर्थाच्या मुळातून ‘टेम्पररी’ आला. असा एक शब्द मुलीला आजीच्या तोंडी सापडला, की तो ती जन्मात विसरणार नाही.

आणि व्याकरण. ते थांबवू नका, पण सरावाची वाक्यं पुस्तकातली नकोत, तिच्याच निबंधातली घ्या. तपासून आलेल्या निबंधातल्या चुका एका वहीत उतरवायच्या आणि एका वेळी एकाच जातीची चूक धरायची. बऱ्याच चुका मराठीच्या वळणातून येतात, आणि ते वळण दाखवलं की मुलं चटकन सुधारतात. ‘मी उद्या येते, असं ती म्हणाली’ या वाक्यात आपण ‘मी’, ‘उद्या’ आणि ‘येते’ हे तिन्ही बोलणारीच्या तोंडचे तसेच ठेवतो. इंग्रजी सांगणाऱ्याच्या जागेवरून बोलतं, म्हणून तिन्ही बदलतात: ‘शी सेड दॅट शी वुड कम द नेक्स्ट डे.’ एवढं एकदा कळलं की रिपोर्टेड स्पीचचे अर्धे नियम पाठ करावे लागत नाहीत. ‘एका गावात एक म्हातारी राहत होती. त्या म्हातारीला...’ यातला ‘एक’ आणि ‘त्या’ म्हणजे बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतले ‘अ’ आणि ‘द’. ‘मला माहीत आहे’ यातल्या ‘आहे’मुळे मुलं ‘आय अ‍ॅम नोइंग’ लिहितात. आपण जातो, जाते, जातोस, जातात असं सगळीकडे बदलत असतो, इंग्रजीत ‘गो’चं एका ठिकाणीच ‘गोज’ होतं. ते इतकं लहान आहे की नजरेतून निसटतं. निबंध लिहून झाल्यावर फक्त त्या एका ‘एस’साठी शेवटची दोन मिनिटं राखून ठेवायला सांगा.

एक वेगळी शक्यताही सांगून ठेवते, तुमच्यासाठी नाही, हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी. मूल मराठीसुद्धा अडखळत वाचत असेल, ओळी सुटत असतील, लिहिताना अक्षरं उलटसुलट होत असतील, तर वरचे उपाय पुरणार नाहीत. आधी डोळे तपासून घ्या आणि शाळेच्या समुपदेशकांशी बोला. अशा मुलांना परीक्षेत सवलतीही मिळू शकतात. तुमची मुलगी मराठी पुस्तकं भराभर वाचायची असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा तुम्हाला ही काळजी नको.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुट्टीत लेखनाचा एक सराव करून घ्या. गणपतीच्या वर फळांची माटोळी बांधताना घरातले सगळे एकाच वेळी बोलत असतात. आजोबा म्हणतात सुपारीचा कातरा मधे बांध, काका म्हणतात नारळ सैल आहे, कुणी विचारतं तोरिंगां आणली का. तिने बाजूला बसून ही दहा वाक्यं कोकणीत टिपून घ्यायची, आणि नंतर कोण काय म्हणालं ते इंग्रजीत लिहायचं. कांगलांना इंग्रजीत काय म्हणतात हे ती विचारेल. त्याला शब्द न शोधता ‘अ वाइल्ड फ्रूट फ्रॉम द फॉरेस्ट’ लिही म्हणावं. नाव माहीत नसेल तेव्हा वर्णन करून सांगता येणं परीक्षेतही कामी येतं. त्या एका पानात रिपोर्टेड स्पीच येईल, प्रश्न येतील, हुकूम येतील, आणि सगळी वाक्यं खरी असतील. ते पान ट्यूशनच्या बाईंकडून तपासून घ्या.

सहामाहीच्या पेपरात उताऱ्याचे गुण ३चे ५ झाले तरी मी समाधानी होईन, तुम्हीही व्हा. व्याकरणाचे १६ मधेच १४ झाले तर घाबरू नका. खुणा शोधायचं सोडून ती अर्थाने सोडवू लागली, की काही दिवस असं होतं.

कपाटातली पुस्तकं मात्र चवथीपर्यंत थांबवू नका, आजच काढा. आणि पहिलं पुस्तक तिच्या हातात तिच्या वडिलांनी द्यावं असं मला वाटतं, कारण ती ठेवली त्यांनी होती.